तिरक्या तोंडाचं पिस्तूल

"साहेब, आधी ते खाली ठेवा," मी म्हणालो.

निंबाळकर साहेबांनी पिस्तूल माझ्याच छातीवर रोखलं होतं. चेष्टेत. बोट चापावर आणि चेहऱ्यावर हसू.

"घाबरलास, साबळे? आर्मोरर ना तू?"

"म्हणूनच म्हणतो, साहेब. ते भरलेलं आहे की रिकामं, मला अजून ठाऊक नाही."

हसू गेलं. त्यांनी पिस्तूल अलगद टेबलावरच्या फडक्यावर ठेवलं आणि खुर्ची जराशी मागं घेतली.

१९८३चा मार्च महिना. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर हवालदार. रायफली उघडायच्या, पुसायच्या, मोडक्या पिना बदलायच्या. कुठं बेकायदा हत्यार सापडलं, तर ते काय आहे आणि चालतं का, यावर शेरा लिहायचा. यायचे ते बहुतेक गावठी कट्टे. नळाच्या पाइपाचे, सायकलच्या स्प्रिंगचे. ते हातात न घेतासुद्धा शेरा लिहून व्हायचा. हे तसलं नव्हतं.

"पाचच्या आत मला लेखी पाहिजे," साहेब म्हणाले. "बत्तीस बोअर, चालू स्थितीत. एवढं लिही. बाकी मी बघतो."

बत्तीस का, ते मला माहीत होतं. महिन्यापूर्वी हायवेवरच्या पेट्रोल पंपावर दरोडा पडला होता. पंपावरच्या एका माणसाच्या मांडीत गोळी घुसली होती, आणि ती बत्तीस बोअरची निघाली होती. महिनाभर साहेबांच्या हाती काही लागलं नव्हतं. पेपरवाले रोज लिहीत होते. आणि आज सकाळी बेलखेडीचा एक गवंडी चौकीवर येऊन सांगून गेला, की सुदाम रंभाजी खेतमाळीस मास्तरांच्या घरी विजेचं मीटर बसवायला भिंत फोडली, तर आत मेणकापडात गुंडाळलेलं पिस्तूल निघालं. नऊ वाजता मास्तरांना शाळेतून उचललं. मुलांच्या समोरून.

"मास्तर दरोडा घालेल, साहेब?"

"मास्तर घालणार नाही. पण भाड्यानं देईल. तोंडातून शब्द काढत नाहीये. म्हणतो, मला माहीतच नव्हतं. स्वतःच्या घराची भिंत, आणि माहीत नव्हतं!" साहेब उठले. "पाच वाजता गुन्हा नोंदवतो. उद्या कोर्ट."

गुन्हा नोंदवला की मास्तर निलंबित. पुढं सुटला तरी बेलखेडीच्या लेखी तो पिस्तूलवाला मास्तरच राहणार. माझा मोठा भाऊही मास्तर होता. मला ते नीट कळत होतं.

मी पिस्तूल शस्त्रागारात नेलं, वाळूच्या पोत्याकडं तोंड करून ठेवलं आणि दार लावून घेतलं.

लाकडी मूठ, झिजून गुळगुळीत झालेली. नळी जेमतेम वीतभर, पण मनगटाएवढी जाड. नेम धरायला पुढं माशी नाही, मागं खाच नाही. बाहेर घोडा नाही. मागच्या बाजूला गोल झाकण आणि त्यात एक कडी. सगळ्यांत विचित्र होतं ते तोंड. घंटेसारखं पसरट, आणि सरळ कापायच्या ऐवजी तिरकं कापलेलं. कडेला तीन खाचा. असल्या तोंडाच्या पिस्तुलानं कुणी कुणावर काय नेम धरणार?

गंज तेलानं पुसला तेव्हा खुणा दिसू लागल्या. डाव्या अंगाला बाणाचं टोक आणि त्याखाली इंग्रजी आय. ही खूण मला जुन्या रायफलींमुळं माहीत होती. इंग्रजांच्या काळातलं सरकारी फौजी सामान. त्याच्या बाजूला तीन अक्षरं, ए.व्ही.सी. खाली आकडा, सतरा. आणि पसरट तोंडाच्या कडेवर, अगदी बारीक, आणखी एक शब्द होता. टॉप.

टॉप म्हणजे वर. मी पिस्तूल न उचलता मान वाकडी करून ते पुन्हा वाचलं. पिस्तुलाची वरची बाजू कुणाला सांगावी लागते? मूठ खाली असते, म्हणजे उरलेली बाजू वर.

शस्त्रागारात हत्यारांची दोन जुनी पुस्तकं होती. दोन्ही चाळली. असलं पिस्तूल नाही, ए.व्ही.सी. नाही. साडेअकरा वाजले.

मग भिंग घेऊन तोंडातल्या खाचा बघायला लागलो आणि माझा हात थांबला. एका खाचेत काळपट खपली होती, आणि त्या खपलीत केस.

चिमट्यानं दोन काढले. आखूड, तांबूस. ते कागदाच्या पुडीत घालून खिशात ठेवताना मी काय करतोय, हे मला कळत होतं. मुद्देमालातला पुरावा मी खिशात घातला होता. साहेबांना हे केस दाखवले असते, तर पंपाच्या दरोड्याबरोबर एक खूनही मास्तरांच्या डोक्यावर बसला असता. आणि नाही दाखवले, आणि ते माणसाचे निघाले, तर माझी नोकरी तर जाईलच, मीच आत बसेन.

डोकं जरा चालायला लागलं तेव्हा मी एक केलं. वहीचा पातळ कागद खुणांवर धरला आणि वरून शिसपेन्सिल घासली. बाण, आय, ए.व्ही.सी., सतरा, टॉप, सगळं कागदावर उमटलं. बाजूला पिस्तुलाचं चित्र काढलं. मुद्देमाल बाहेर नेता येत नाही, कागद नेता येतो. छावणीच्या मागं नालबंद गल्ली होती. तिथं इब्राहिमचाचा टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे. इंग्रजांच्या वेळी ते फौजेत होते, आणि जुन्या फौजी सामानाच्या खुणा ओळखणारं माझ्या माहितीत तेवढं एकच माणूस होतं.

सायकल काढून फाटकाकडं निघालो, तर कडुलिंबाखाली बसलेली एक म्हातारी उठून आडवी आली. साठीची असेल. कपाळ मोकळं, हातात बोचकं. सकाळपासून ती तिथं बसल्याचं मी खिडकीतून पाहिलं होतं.

"भाऊ, ते बंदुकीचं बघनारे तुमीच का?"

"तुम्ही कोण, मावशी?"

"मी सगुना. सुदामची आई." तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माज्या पोराचं त्यात काय न्हाई. भितीत म्या लिपलंय ते. त्याच्या जल्माच्या आदी. माजं नाव लिवा."

"मावशी, असं काही बोलू नका. कुणी ऐकेल."

"ऐकू दे की! मालक फौजंत व्हते. लढाई सपल्यावर घरी आले, तवा पेटीत ते व्हतं. म्या हात लावाय गेले, तर म्हनले, लावू नको. ह्यानं म्या जीव घेतलेत. मोजले न्हाईत." ती एका दमात बोलत होती. मला वाटतं, पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलत होती. "लढाईतलं न्हवं भाऊ ते. लढाईला ते गेलेच न्हवते, हितंच व्हते, हिंदुस्तानात. मग कुनाचे जीव घेतले? आपल्याच मान्सांचे न्हवं? बेचाळीस सालात धरून धरून नेलं व्हतं लोकांना. झोपंत वरडायचे. साहेब, ह्याला ऱ्हाऊ द्या. ह्याचं वय काय, साहेब. लेकरंसुदिक व्हती, भाऊ."

माझ्या खिशातली पुडी मला एकदम जड वाटायला लागली.

"त्यांना कधी विचारलं नाहीत?"

"न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "इचारलं असतं आन् ते व्हय म्हनले असते, तर मला त्या घरात ऱ्हाता आलं नसतं. सात म्हयनं झाले त्यांना जाऊन. आता काय व्हायचं ते मला हुंदे. पोराला सोडा."

"पाच वाजेपर्यंत कुणाशी बोलू नका," मी म्हणालो. "साहेबांशी तर अजिबात नाही. माझ्यासाठी एवढं करा." आणि तिचं उत्तर ऐकायला थांबलो नाही.

छावणीपर्यंतचा रस्ता चढाचा. मार्चचं ऊन. पायडल मारताना डोक्यात एकच चाललं होतं. म्हातारी म्हणते ते खरं असेल, तर माझ्या खिशात कुणाच्या तरी पोराचे केस आहेत.

चाचा एका तांबड्या टांग्याच्या घोडीचा पाय मांडीवर घेऊन खूर तासत होते. मी कागद पुढं केला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. पाय खाली सोडला. हात पुसून कागद पुन्हा घेतला.

"इंग्लिश मला येत नाय, हवालदार. पण ही तीन अक्षरं येतात." त्यांनी ए.व्ही.सी.वरून बोट फिरवलं. "आमच्या झुलींवर होती, बादल्यांवर होती, औषधांच्या खोक्यांवर होती. फौजेतलं जनावरांच्या दवाखान्याचं खातं. मी तिथंच नालबंद होतो. तुला कुठं गावलं हे?"

"ते सांगता येत नाही. चाचा, तोंडावर टॉप लिहिलंय. तोंड असं तिरकं आहे."

चाचांनी माझं चित्र पाहिलं. मग कागद घडी करून मला दिला आणि त्या घोडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"ये हिकडं. हा डोळा, आणि त्या बाजूचा कान. हा डोळा, आणि हा कान. फुली मार." त्यांच्या बोटानं घोडीच्या कपाळावर फुली काढली. "फुलीच्या जरा वर ठेवायचं. कपाळ उतरतं असतं ना, म्हणून तोंड तिरकं. टॉप वर आलं, तर गोळी मानेच्या रेषेत खाली जाते. जनावराला कळत नाय. उलटं धरलं तर तडफडतं. म्हणून लिहिलंय."

घोडीनं मान झटकली. चाचांनी तिला थोपटलं.

"हे घोडे मारायचं आहे?"

"दुसरं कशाचं? पाय मोडला, सडला, तर काय करणार? आम्ही त्याला मेहेरबान म्हणायचो. साहेब लोक म्हणायचे, ही जनावरावर मेहेरबानी आहे." ते खाली बसले. "पाय मोडलेल्यांपुरतं असतं तर बरं होतं. लढाई संपली आणि घोडे उरले. हुकूम आला, विकायचे नाहीत, लोक टांग्याला जुंपून हाल करतील. मी बघ, पस्तीस वर्षं टांग्याच्याच घोड्यांना नाल मारतोय. रांगेनं आणायचे. धडधाकट. तीन-तीन वर्षांचे पण होते त्यात."

"गोळी कोण घालायचं?"

"ज्याच्या हाताखाली घोडा, त्यानंच. ओळखीच्या माणसापाशी जनावर गप उभं राहतं ना."

मी खिशातून पुडी काढली. त्यांनी एक केस चिमटीत घेऊन चोळला, उन्हात धरला आणि त्या घोडीच्या कपाळावरचा एक केस उपटून शेजारी ठेवला. तितकाच आखूड, तितकाच ताठ.

"आयाळीचा नाय. कपाळाचा," ते म्हणाले.

"चाचा, रंभाजी खेतमाळीस नावाचं कुणी आठवतं?"

"दोन-तीनशे माणूस होतं तिथं. नाव कुणाकुणाचं आठवू?" मी सायकलवर बसलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "उघडायचं असेल तर बघ हां. मागचं झाकण उलट्या आट्यांचं आहे. सरळ पिळलंस तर घट्ट बसेल. आणि पुढं उभा राहू नकोस."

परत आलो तेव्हा अडीच वाजले होते. झाकणाच्या कडेनं रॉकेल आणि तेल सोडलं. तासभर मुरू दिलं. तो तास मी घड्याळाकडं बघत काढला. मग पिस्तूल फडक्यात घट्ट गुंडाळलं, तोंड वाळूच्या पोत्यात खुपसलं, आणि कडीत पाना अडकवून उलट्या बाजूनं जोर लावला. हललं नाही. आत गोळी असेल आणि पिन सुटली, तर वाळू पुरेल का? पुन्हा जोर लावला. मनगट भरून आलं. तिसऱ्यांदा किर्र आवाज झाला आणि माझे डोळे आपोआप मिटले.

काही झालं नाही. झाकण फिरत होतं.

आत काडतूस होतं. रिकामं. बुडावर पिन आपटल्याचा खड्डा, आणि कडेला कोरलेलं साल, पंचेचाळीस. पितळेवर हिरवा थर चढून ते नळीला असं चिकटलं होतं, की चिमट्यानं ओढूनही निघेना. शेवटची गोळी सुटल्यावर ते कुणी बाहेर काढलंच नव्हतं.

केसांची पुडी परत त्या फडक्यात ठेवली. पावणेपाचला सगळं घेऊन साहेबांपुढं उभा राहिलो.

त्यांनी माझा शेरा वाचला. अर्धं पान होतं. पुन्हा वाचला.

"हे काय आहे?"

"फौजेच्या जनावरांच्या दवाखान्यातलं अवजार, साहेब. खुणांवरून. घोड्याच्या कपाळाला टेकवून मारायचं. वीतभर लांबच्या माणसावरही नेम धरता येणार नाही."

"बोअर बत्तीस आहे ना?"

"आहे. पण पंचेचाळीस सालचं काडतूस आत जाम होऊन बसलंय. ते आत असताना दुसरी गोळी भरताच येत नाही. महिन्यापूर्वी यातून गोळी सुटली असं मी लिहू शकत नाही."

"तुला मी काय लिहायला सांगितलं होतं, साबळे?"

बायकोला सातवा महिना होता. शस्त्रागारातून उचलून मला कुठल्याही आडगावी टाकणं त्यांच्या हातात होतं.

"साहेब," मी म्हणालो, "हे मुंबईच्या प्रयोगशाळेत जाईल. तिथं झाकण उघडलं की त्यांना तेच दिसेल. मग कोर्टात वकील विचारेल, की घोडे मारायच्या हत्यारावरून तुम्ही मास्तरला दरोडेखोर कसं केलंत? पेपरवाले तिथंच बसलेले असतात."

साहेबांनी काडतुसावर टॉर्च मारली. केसांची पुडी उघडून पाहिली आणि मिटली. मग शिपायाला हाक मारली.

"त्या मास्तराचा जबाब घ्या आणि सोडा. वस्तू प्रयोगशाळेला पाठवा." माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू जा."

पुढच्या आठवड्यात माझी बदली झाली, पण ती मी सोसली. त्याबद्दल आता काही म्हणणं नाही.

सुदाम मास्तर साडेपाचला बाहेर आले. उंच, किडकिडीत, शर्टाचं एक बटण तुटलेलं. आईला बघून ते धावत आले नाहीत; फक्त झपाझप चालत आले. मी कडुलिंबाखालीच होतो. तिला मी अजून काही सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या देखतच सांगावं असं मला वाटलं. तसं वाटणं बरोबर होतं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

"मावशी, तुमच्या मालकांनी माणसं मारली नाहीत," मी म्हणालो. "ते घोड्यांच्या दवाखान्यात होते. ते पिस्तूल घोड्यांसाठी असतं. लढाई संपल्यावर घोडे मारायचा हुकूम झाला होता. ज्यांनी सांभाळले, त्यांनाच मारायला लावले."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"घोडी?"

"हो."

"मान्सं न्हवती?"

"नाही. त्यात केस सापडले. घोड्याचेच आहेत."

मला वाटलं होतं, ती हात जोडेल, देवाचं नाव घेईल. ती मटकन खाली बसली. बोचकं बाजूला पडलं.

"आई, तुला काय वाटलं होतं?" मास्तरांनी विचारलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "कुठली माणसं?"

तिनं सांगितलं. मला सांगितलं होतं तेवढंच, पण आता थांबून थांबून. झोपेतलं ओरडणं. मोजले नाहीत, हे शब्द. भिंत लिंपल्याचा दिवस. मास्तर ऐकत उभे होते.

"म्हणून ते मला कधी घ्यायचे नाहीत?" ते मध्येच म्हणाले.

तिनं पडलेलं बोचकं जवळ ओढलं.

"आई, मी विचारतोय. सगळ्यांचे बाप जत्रेत पोरांना खांद्यावर घ्यायचे. माझा हातभर लांबून चालायचा. मला देवी आल्या, तेव्हा नऊ दिवस उंबऱ्याच्या बाहेर बसून होता. आत आला नाही. मला वाटायचं, मी त्यांना नकोय."

"म्याच येऊ दिलं न्हाई," ती म्हणाली. "तू जल्मला, त्या दिवशी त्यांनी हात फुडं केले. म्या म्हनलं, त्या हातानं न्हाई. तेवढंच म्हनले. पुन्यांदा कदी म्हनावं लागलं न्हाई."

"आणि ते काय म्हणाले?"

"काय न्हाई. हात मागं घेतले."

मास्तर वळले आणि फाटकाकडं चालू लागले. रस्ता ओलांडून पलीकडच्या पानाच्या टपरीपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. टपरीवाल्यानं काहीतरी विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. मी तिला पाणी आणून दिलं. तिनं तांब्या हातात धरला, प्यायली नाही.

दहा मिनिटं तरी गेली असतील. मग ते परत आले. डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

"ऊठ. सहाची एस.टी. आहे."

ती उठली नाही. वर बघून तिनं विचारलं, मला नाही, त्याला, "सुदाम, त्यास्नी ठावं असंल का रं, म्या काय समजत व्हते ते?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली वळवली. मला त्या दहा मिनिटांत उमगलं होतं, की ज्या माणसानं पस्तीस वर्षं एका शब्दानं विचारलं नाही, त्याला बायको काय समजते हे ठाऊक असो वा नसो, त्या हातांबद्दलचं तिचं म्हणणं त्याला मान्य होतं. मास्तरांनाही ते उमगलं असावं.

"नाही, आई," ते म्हणाले. "त्यांना नसेल माहीत. त्यांना वाटलं असेल, तुला घोड्यांचंच वाईट वाटतंय."

तिनं हात वर केला. त्यांनी तो धरून तिला उठवलं, बोचकं काखेत मारलं, आणि दोघं स्टँडच्या रस्त्याला लागले. सहाला दहा मिनिटं कमी होती आणि स्टँड लांब होतं. तरी मास्तर घाई करत नव्हते.